‘कायदा वाचलाय का कधी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

वेबसाइटवरच्या कुकी-परवानगीच्या पॉपअपबद्दल मी लेख लिहिला होता (कुकी म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद), त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कायदा वाचलाय का कधी? युरोपातल्या बाबू लोकांनी हे कुकीचे पॉपअप सगळ्या जगाच्या माथी मारले आणि तुम्ही त्यांची आरती ओवाळताय.’ मत वेगळं असू दे ना, पण ही काय बोलायची पद्धत झाली? लेखात मी कुणाचाही असा उद्धार केला नव्हता.

एक चूक मान्य. कुकीला परवानगी लागते हा नियम जीडीपीआरने, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याने, आणला असं मी लिहिलं होतं, तो खरं तर 2002 च्या ई-प्रायव्हसी डिरेक्टिव्ह या युरोपीय निर्देशाचा, 2009 च्या दुरुस्तीत परवानगी सक्तीची झाली, आणि 2018 ला लागू झालेल्या जीडीपीआरने परवानगी कशाला म्हणायचं ते कडक केलं. लेखात दुरुस्त केलंय.

पण ‘माथी मारले’? अहो, पॉपअप दाखवा असं कायदा कुठेच म्हणत नाही. लॉगिन टिकवायला, कार्टमधल्या वस्तू लक्षात ठेवायला ज्या कुकी लागतात त्यांना परवानगी लागतच नाही. तेवढ्याच ठेवा, कुणाला काही विचारायची वेळ येणार नाही. विचारावं लागतं ते लोकांचा माग काढायचा असतो म्हणून.

आणि हे मला शिकवू नका, आठ वर्षं मी वेबसाइट बनवल्यात. एका क्लायंटला ‘स्वीकारा’ हिरवंगार, मोठं हवं होतं, ‘नाकारा’ पांढऱ्यावर फिकट राखाडी, तेही दुसऱ्या स्क्रीनवर, खाली सगळे स्लायडर आधीच चालू. मी सांगितलं की 2019 मध्ये प्लॅनेट49 खटल्यात युरोपच्या न्यायालयाने आधीच टिक केलेली चौकट म्हणजे परवानगी नाही असं स्पष्ट म्हटलंय, तर म्हणे नाकारणारे वाढले तर जाहिरातीचे पैसे कोण भरून देणार. शेवटी ते बटण मीच राखाडी केलं, अजून मनाला लागतं. आता सांगा, ही कटकट कायद्याने केली का त्या माणसाने? फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोचा दंड केल्याचं जानेवारी 2022 ला जाहीर झालं, कारण हेच, स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक.

ॲडब्लॉकर, ब्राउझर सेटिंग वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे लेखाचा विषयच नव्हते, त्यात शिरत नाही. पुन्हा जरूर लिहा, फक्त त्याआधी रोजच्या चार साइट उघडून नाकारायला किती क्लिक लागतात ते मोजा आणि आकडा इथे टाका.