आकडे मागायचे नसतात, द्यायचे असतात

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर अभ्यास करायचा म्हणता? आणि तोही गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडे बसून? मग आधी आकडे मागायची सवय मोडा. आभा नावाच्या आरोग्य कार्डावर प्रत्येकाला 14 आकडे दिलेत की सरकारनं, अजून कोणते पाहिजेत?

आकडे तर आहेतच. 2023च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान निघालं. 7 कोटी लोक तपासायचे, 2047पर्यंत आजार संपवायचा. आरोग्यसेविका बोट टोचते, आशाताई नाव लिहिते. रजिस्टरातले छापील रकाने संपले की पट्टी घेऊन स्वतः आखते. संध्याकाळी तेच मोबाइलवर भरायचं; रेंज नसली की टेकडी चढायची. मग आकडे वर जातात. वर गेलेलं खाली परत येतं ते फक्त पाऊस, आणि आपल्याकडे त्याचाही भरवसा नाही.

फारच हट्ट असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडा. जिल्ह्याचं पत्रक फुकट मिळतं. त्यात रेल्वे स्टेशनवालं वडसा आणि पावसाळ्यात तुटणारं भामरागड एकाच टक्केवारीत नांदतात. टोल्याचं, म्हणजे पाड्याचं, नाव शोधू नका, डोळे दुखतील.

मागं गडचिरोलीत बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जन्म-मृत्यू मोजले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुम्ही असलं काही करू नका. गावातच मोजून गावातच वापरलं, तर वर काय पाठवणार?

तरी माहिती अधिकारात अर्ज करणारच? करा बापा. 10 रुपयांचं तिकीट लावा, 30 दिवस थांबा. 'सदर माहिती गोपनीय आहे' असं उत्तर येईल. नावं नकोत, फक्त संख्या द्या, असं म्हणून बघा. डेटा संरक्षणाच्या 2023च्या कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, हेही सांगा. साहेब मान डोलावतील आणि अर्ज 'मार्गदर्शनार्थ' वर पाठवतील. वर म्हणजे कुठं, हे विचारायची पद्धत नाही.

शेवटी हातात एक अहवाल पडेल. स्कॅन केलेला, पानं आडवी. मान वाकडी करून वाचा. तुमच्या गावाचा आकडा त्यात नसेल. पण मुखपृष्ठावर शिबिराचा रंगीत फोटो असेल: बोट टोचून घेणारी पोरगी, तिचा चेहरा, मागं आश्रमशाळेची पाटी. सगळं स्वच्छ वाचता येतं. गोपनीयता तेवढी तिथंच ठेवायची राहून गेली असेल.