कोल्हीणबाईंचं बाळंतपण

जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता आमच्या परसात कोणीतरी एका बाईचा गळा दाबत होतं. आवाज तरी तसाच होता. लंडनच्या या उपनगरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते.

"अरे, जाऊन बघ ना," पांघरूण नाकापर्यंत ओढून घेत बायको म्हणाली.

मी जाऊन बघण्याऐवजी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोल्हीण असेल, सर. जानेवारी आहे ना." लग्नसराई असल्यासारखं बोलला. खरंच होती की! मादी वर्षातून जेमतेम तीनेक दिवस माजावर येते. मग एवढ्यात साऱ्या पंचक्रोशीला कळवायचं, तर बोंब मारण्यावाचून गत्यंतर काय?

खरं तर मराठीत याला खोकड म्हणायला हवं. आपला कोल्हा म्हणजे रानात कोल्हेकुई करणारा तो वेगळा प्राणी. पण इसापाला मराठीत आणताना खोकडाची द्राक्षं कोल्ह्याला आंबट लागली, ती लागलीच. मीही कोल्हाच म्हणणार. "काल खोकड आलं होतं" असं म्हटलं की घरी आई विचारते, खोकल्याला काय घेतलंस?

सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसणं शुभ, असं लहानपणापासून ऐकलेलं. मला ते रोज दिसायला लागलं, कचऱ्याच्या डब्यावर. पहिल्याच आठवड्यात बॉयलर बंद पडला आणि मागच्या दारातली माझी डावी चप्पल गेली. कोल्हापुरी होती. नावावरून त्याला ती आपलीच वाटली असणार.

शेजारच्या बाईंना मात्र या सगळ्याचा भारी आनंद. सत्तरीच्या आहेत, मूळच्या सॉमरसेटच्या, आणि 'पेगन'. म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा मानणाऱ्या. १७ जानेवारीला त्यांनी आम्हाला 'वॉसेलिंग'ला बोलावलं. परसातल्या एकुलत्या सफरचंदाच्या झाडाभोवती उभं राहून भांडी बडवायची, मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतायची आणि त्याच सायडरमध्ये भिजवलेला टोस्ट फांदीला अडकवायचा. गोंगाटाने भुतं पळतात, झाड जागं होतं आणि फळ धरतं. मी ताट-पळी घेऊन गेलो. २०२०चा सराव होताच.

"पण १७च का?" मी विचारलं.

"१७५२मध्ये सरकारने पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले. झाडाला कोणी कळवलं नाही," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं. मग आठवलं, तीनच दिवसांपूर्वी आम्ही तीळगूळ वाटून उत्तरायण साजरं केलं होतं. सूर्य डिसेंबरातच वळलेला असतो. त्यालाही आम्ही कुठे विचारतो?

सकाळी फांदीवरचा टोस्ट नव्हता. तो रॉबिन पक्ष्यासाठी असतो म्हणे. खाली चिखलात उमटलेली चार बोटं आणि नखं मला स्पष्ट दिसत होती, पण मी गप्प राहिलो. दुसऱ्याच्या देवाचा नैवेद्य कोण खातं, यात आपण पडू नये.

मार्चअखेर पाडवा आला. गुढी उभारली कपडे वाळवायच्या दांडीवर, तांब्याऐवजी स्टीलचा गडू, कडुलिंबाऐवजी कढीपत्ता. साखरेची गाठी मात्र अस्सल, सासूबाईंनी कोणाबरोबर तरी पाठवलेली. सूर्यास्ताला गुढी उतरवून परसातल्या टेबलावर ठेवली आणि मी हळदकुंकू आणायला आत गेलो. बाहेर येतो तर गडू आडवा, जरीच्या खणावर पायांचे ठसे, आणि कुंपणापाशी कोल्हा. तोंडातून दोन्ही बाजूंना गाठी लोंबत होती. पळालाही नाही. वरमाला घेऊन निघाल्यासारखा सावकाश गेला.

बायको चिडली. कुंपणावरून बाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या. "अहो, अर्पण स्वीकारलं गेलं! बिळात पिल्लं असणार. आई सुरुवातीला त्यांना उबेत घेऊन बसते, बाहेर पडत नाही. तिचं जेवण बाप पोचवतो. पिल्लं बाहेर आलेली बघायची तर बेल्टेनला, आमच्या उन्हाळ्याच्या सणाला या, १ मेला."

"महाराष्ट्र दिनाला," मी म्हणालो.

बायको एकदम गप्प झाली. मनातल्या मनात तिने जानेवारीपासूनचे दिवस मोजले असावेत.

"म्हणजे ती बाळंतीण आहे?"

"हो."

"मग नुसती साखर काय कामाची?" ती आत गेली आणि डिंकाच्या लाडवांचा डबाच घेऊन आली. बाईंनी घाईघाईने तिला थांबवलं, त्यात बेदाणे आहेत, कोल्ह्याला बाधतील म्हणून. डबा मिटला. बायकोला काही चैन पडेना.

"मग असं कर," ती मला म्हणाली, "ती उजवी चप्पल तरी बाहेर ठेव. एका चपलेचा त्यांना काय उपयोग?"