खाच बुजवू नका

आज पुण्यात जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एक मॉरिस मायनर पाहिली आणि मन विटले. रंगकाम निर्दोष, क्रोम लखलखीत, गाद्या नव्याकोऱ्या. पण दाराशेजारच्या खांबावर जिथे ट्रॅफिकेटरची, म्हणजे वळण्याची खूण करायला बाहेर येणाऱ्या हाताची, उभी खाच असायला हवी, तिथे लांबी (पुट्टी) भरून, घासून वर रंग मारलेला. ‘ती कटकट कायमची काढून टाकली,’ असे मालकांनी अभिमानाने सांगितले. त्या गाडीला आजूबाजूचे सगळे ‘ओरिजिनल’ म्हणत होते, याचा संताप अजून उतरलेला नाही.

माझ्या काकांकडे कोल्हापुरात अशीच मायनर होती. स्विच फिरवला की खांबातून ‘खट्’ आवाज येई, वीतभराचा नारिंगी हात बाहेर येऊन आडवा होई आणि त्याच्या पोटातला बारीक दिवा लागे. डावा हात पावसाळ्यात हमखास अडकायचा. मागच्या सीटवरच्या मुलाने आतून खांबावर मूठ मारायची, हे आमच्या घरात ठरलेले काम होते.

त्या खाचेत केवढी कारागिरी आहे! वीज मिळाली की कॉइल लोखंडी दांडी ओढते. ती दांडी आधी हाताची कडी सोडवते, मग त्याला वर उचलते. वीज तुटली की हात स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि पुन्हा कडीत अडकतो, म्हणून खड्ड्यांतून जाताना तो बाहेर लोंबत नाही. बॉश कंपनीने असे दर्शक 1928 साली आणले. ब्युइक या मोटार कंपनीने 1939 सालीच लुकलुकणारे दिवे दिले, तरी मायनरवर हा हात 1961 पर्यंत टिकला. इतकी वर्षे लोक ज्याच्या भरवशावर वळले, ती वस्तू कटकट कशी?

मान्य, आजच्या रहदारीत दुचाकीस्वार खांबाकडे पाहत नाही आणि एखादा धक्का लागला तर हात मोडतो. मग बसवा ना वेगळे दिवे! दोन्ही एकत्र नांदू शकतात. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले 121 वे कलमसुद्धा उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला यांत्रिक किंवा विद्युत साधनाने वळण्याची खूण करू देते. खाच बुजवण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

हे लिहिताना राग थोडा निवळला आहे, कारण त्या मालकांचे गाडीवर प्रेम आहे, हे दिसत होते. बहुधा गॅरेजमध्ये त्यांना कोणी नीट सांगितलेच नसेल. काका दर पावसाळ्यानंतर खाचेतली माती ब्रशने काढत आणि बिजागरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडत. जाड तेल ते कधीच घालू देत नसत, कारण त्यावर धूळ बसून हात आणखी घट्ट होतो. एवढ्या निगेवर तो कितीतरी वर्षे चालला आणि आमच्या मुठींनाही पुरून उरला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गाडीचा हात अडकत असेल तर आधी साफ करा, कॉइलपर्यंत वीज पोहोचते का ते तपासा, हातावरचे सेल्युलॉइडचे (प्लास्टिकसारखे) नारिंगी आवरण तडकले असेल तर तेवढेच बदला. आणि ज्यांनी खाच आधीच बुजवली आहे, त्यांनी पुढच्या रंगकामाच्या वेळी लांबी खरवडून आत जरूर पाहावे. जुनी वायर अजून तिथेच असू शकते.