व्हॉल्यूम दहाच्या खाली आणला म्हणून पिकअप मरत नाही

एक रील सध्या नाशिकच्या प्रत्येक गिटार ग्रुपवर फिरतंय: इलेक्ट्रिक गिटारचे व्हॉल्यूम, टोनचे नॉब कायम दहावर, म्हणजे पूर्ण, ठेवा, कमी केले की पिकअपचं (स्ट्रिंगची हालचाल पकडणाऱ्या भागाचं) मॅग्नेट कमजोर होतं, दहावर पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) सर्किटमध्ये नसतोच, आवाज ॲम्पवरून कमी करा, आणि टोनला महागडा ऑइल कपॅसिटर लावा. सोडून दिलं असतं, पण सिडकोतला भाचा विचारतोय, "मामा, दोन्ही पॉट उपटून पिकअप डायरेक्ट जॅकला जोडू?" अरे बाबा, सोल्डरिंग गन खाली ठेव आधी.

मॅग्नेटचं तर डोकं फिरवणारं आहे. पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे, वर स्ट्रिंग हलली की त्यात सिग्नल तयार होतो आणि पॉट येतो त्याच्यानंतर, नॉब फिरवला की सिग्नलचा थोडाच भाग पुढे जातो, मॅग्नेटला पत्ताही नसतो. 1954 च्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटार लोक आजही वाजवतायत, त्यांचे नॉब एवढ्या वर्षांत कोणी फिरवलेच नसतील का?

दहावर पॉट नसतो म्हणे. फेंडरचा नो-लोड नावाचा टोन पॉट आहे, तो खरंच दहावर सुटतो, पण साधा पॉट तिथेच बसलेला असतो आणि पिकअपवर त्याचा लोड पडतो. पिकअप बनवणाऱ्या सेमोर डंकनचे वायरिंग डायग्राम बघा, सिंगल कॉइलला (एका कॉइलचा पिकअप) साधारण 250के, म्हणजे किलोओहम, पॉट, हंबकरला (दोन कॉइलचा) 500के. फरक पडत नसता तर कंपनीने दोन व्हॅल्यू कशाला दिल्या असत्या? पॉट काढलेस तर ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) टोचायला लागेल, आणि गाण्याच्या मधे आवाज कमी करायला ॲम्पकडे पळशील.

एक गोष्ट मान्य, नाइलाजाने. व्हॉल्यूम कमी केला की आवाज दबका होतो, पण तो पॉटचा रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल खातात म्हणून. पॉटवर 150के रेझिस्टर आणि 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर टाक, ट्रेबल ब्लीड म्हणतात, एमजी रोडला चहाच्या पैशात मिळेल.

ॲम्पवरून कमी करणं वेगळं. ओव्हरड्राइव्ह (फाटका आवाज) चालू असताना गिटार सहावर आणली की आवाज क्लीन होतो, ॲम्पचा मास्टर व्हॉल्यूम कमी करून होत नाही.

ऑइल कपॅसिटर? व्हॅल्यू बघ, जाहिरात नको. तुझ्या हंबकरला 0.047 मायक्रोफॅरडचा आहे, तो टोन खाली आणला की ट्रेबल जास्तच दाबतो, साधा पॉलिएस्टरचा 0.022 घाल.