लॅटिनमध्येही खुशाली विचारत असत

‘लॅटिन ही भाषणांची आणि कायद्यांची भाषा. दोन माणसं भेटली की काय बोलत, कुणाला ठाऊक? “साल्वे” (नमस्कार) वगैरे आजच्या हौशी लोकांनी बनवलेलं. उच्चार अंदाजपंचे. आणि शिकायचंच तर आधी सगळ्या विभक्ती घोका.’ असा मजकूर सध्या फिरतोय. लॅटिन आज कुणाची मातृभाषा नाही, हे खरं. बाकी यातलं काहीच टिकत नाही.

गप्पांचं म्हणाल, तर पुरावा भरपूर आहे. इसवी सनापूर्वी 200च्या आसपासच्या रोमन नाटककार प्लाउतुसच्या नाटकांत गुलाम, सावकार, प्रेमिक रस्त्यात भेटतात आणि एकमेकांना ‘साल्वे’ म्हणतात. रोमन कवी होरेसच्या एका कवितेत नुसत्या नावाने ओळखीचा माणूस धावत येतो, त्याचा हात धरतो आणि विचारतो, ‘क्विद आगिस?’ म्हणजे काय चाललंय? ‘छान, सध्या तरी,’ असं होरेसचं उत्तर. आपणही सुटका करून घ्यायची असली की असंच बोलतो! ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ हे वाक्य पत्रांत इतकं रुळलं होतं, की रोमन लोक त्याची फक्त आद्याक्षरं लिहीत. पुढे डच विद्वान इरास्मसने विद्यार्थ्यांसाठी केलेलं लॅटिन संभाषणाचं पुस्तक 1518 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलं गेलं, तेही अभिवादनांपासूनच सुरू होतं. गोव्यात आणि वसईत तर 1960च्या दशकापर्यंत मिस्साच, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासनाच, लॅटिनमध्ये होई. ‘दोमिनुस वोबिस्कुम’, प्रभू तुम्हांसोबत असो, हेही अभिवादनच.

उच्चारही हवेतून आलेले नाहीत. रोमन वक्ता सिसेरोचं (Cicero) नाव ग्रीकांनी ‘किकेरोन’ असं लिहिलं, त्यावरून c चा उच्चार ‘क’ होता हे कळतं. चर्चमध्ये तिथे ‘च’ म्हणतात. दोन्ही परंपरा चालू आहेत. एक निवडा आणि तीच धरून राहा.

राहिल्या विभक्ती. एकाला ‘साल्वे’, अनेकांना ‘साल्वेते’. आपली सवय इथे आड येते, कारण अभिजात लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही: वडीलधाऱ्या एकट्या माणसालाही ‘साल्वे’च. मार्कुसला हाक मारताना ‘मार्के’ म्हणायचं. शाळेत संस्कृत शिकलेल्याला हे संबोधन लगेच ओळखू येईल. मग ‘क्विद एस्त तिबी नोमेन?’ असं नाव विचारायचं आणि ‘मिही नोमेन एस्त यूलिया’ असं आपलं सांगायचं. एवढ्यात संबोधन आणि चतुर्थी (‘तिबी’, ‘मिही’) दोन्ही तोंडात बसतात, तक्ता न उघडता. तक्ते नंतर येऊ देत.