‘पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट’ एवढ्यावर का भागत नाही

ताई, वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की सब्जेक्ट म्हणजे काम करणारा, तो वाक्याच्या सुरुवातीला असतो, उरलं ते प्रेडिकेट. मुलांना एवढं पुरतं आणि आधी क्रियापद शोधायला लावून मी सोपं ते अवघड करतेय. हे मला अजिबात पटत नाही.

‘बर्ड्स फ्लाय’ला तुमचा नियम चालतो. पण ‘अंडर द ट्री सॅट ॲन ओल्ड मॅन’ घ्या. सुरुवातीला झाड, आणि बसलाय म्हातारा! ‘क्लोज द डोअर’मध्ये तर सब्जेक्ट दिसतच नाही, ‘यू’ गृहीत धरावा लागतो. म्हणून म्हणते, आधी क्रियापद पकडा, मग ‘कोण’ किंवा ‘काय’ विचारा.

खरी गोची लांबलचक सब्जेक्टमध्ये होते. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज ऑन द टेबल.’ इथे मुलांना क्रियापदाला खेटून ‘मँगोज’ दिसतं आणि ती ‘आर’ लिहून मोकळी होतात. ‘ऑफ मँगोज’वर बोट ठेवून ते झाकायला सांगा. ‘द बॉक्स’ उरतो, ‘इज’ आपसूक येतं. सब्जेक्ट चार शब्दांचा, पण क्रियापद ठरवतो एकटा ‘बॉक्स’.

आता ‘काम करणारा’. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय रवी.’ काच फोडली रवीने, पण सब्जेक्ट खिडकी. रवीच्या जागी दहा मुलं आणा, ‘वॉज’ हलत नाही. खिडक्या दोन करा, लगेच ‘वेअर’ होतं. हे मुलांकडून करून घेतलं की व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही.

शिवाय आपली मुलं मराठीत वाढलेली. ‘सीतेने आंबा खाल्ला’, ‘सीतेने पोळी खाल्ली’: इथे क्रियापद खाणारीच्या नव्हे, खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. इंग्रजीत तसं कधीच होत नाही. ‘सीता ईट्स मँगोज’मधला ‘एस’ सीतेमुळे, आंबे कितीही असोत. हे वर्गात आवर्जून सांगायला हवं, कारण मुलांना आपणहून ते उमगत नाही.

वीस-वीस वाक्यांखाली नुसत्या रेघा मारून घेण्याला तुमचा विरोध आहे, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. त्यापेक्षा उद्या फळ्यावर ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ एवढंच लिहा, पुढे ‘लिव्ह’ की ‘लिव्ह्ज’ विचारा, आणि ज्यांचं चुकेल त्यांना ‘ऑफ माय फ्रेंड्स’ झाकायला लावा. काय झालं ते इथे जरूर कळवा.