नोटाला सर्वाधिक मतं पडली की निवडणूक रद्द? त्या फॉरवर्डचा हिशेब

निवडणूक जाहीर झाली की एक मेसेज ठरल्यासारखा फिरू लागतो. आशय असा: दोन्ही आघाड्यांवर विश्वास उरला नसेल तर सगळ्यांनी मिळून नोटा, म्हणजे मतदान यंत्रावरचं 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण, दाबा. नोटाला सर्वाधिक मतं पडली की निवडणूक रद्द होते, त्या उमेदवारांवर बंदी येते, त्यांचं डिपॉझिट जप्त होतं आणि पक्षांना झक मारत स्वच्छ चेहरे द्यावे लागतात. तिसऱ्याच कुणाला मत देऊ नका, ते वाया जातं.

यामागचा वैताग खरा आहे. 2019 साली ज्या चिन्हावर मत दिलं, ते चिन्ह पुढच्या पाच वर्षांत कुणाच्या हातात गेलं हे महाराष्ट्रातल्या मतदाराने पाहिलंय. पण वैताग खरा म्हणून मेसेजमधला नियम खरा होत नाही.

'निवडणूक रद्द होते.' लोकसभेला आणि विधानसभेला होत नाही. नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणचा निकाल बघा. धीरज देशमुख यांना 1,35,006 मतं, दुसऱ्या क्रमांकावर नोटा 27,500, आणि शिवसेनेच्या उमेदवाराला 13,524. विजयाचं अधिकृत मताधिक्य किती? 1,21,482. वजाबाकी करून पाहा, ती शिवसेनेच्या मतांशी जुळते. दुसऱ्या क्रमांकाच्या नोटाला हिशेबात धरलेलंच नाही. 2024 ला इंदूरमध्ये नोटाला 2,18,674 मतं पडली, तिथेही मताधिक्य मोजलं ते 51,659 मतं मिळवणाऱ्या बसपच्या उमेदवारापासून.

ही अफवा हवेतून मात्र आलेली नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने खरंच आदेश काढला, की महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतीच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. हरियाणाच्या आयोगाने त्याच महिन्यात आणखी एक पाऊल पुढे टाकलं: नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना ती फेरनिवडणूक लढवता येणार नाही. 'बंदी येते' हा भाग बहुधा इथूनच उचललाय. गोंधळ दोन आयोगांचा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेच्या भारताचा निवडणूक आयोग. एकाचा आदेश दुसऱ्याला लागू नाही. लोकसभा-विधानसभेलाही असाच नियम करा, अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये नोटीस काढली. नियम आधीपासून असता तर मागायला कोर्टात कोण गेलं असतं?

'डिपॉझिट जप्त होतं.' याचा नोटाशी संबंध नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जातं, आणि त्या वैध मतांत नोटा धरत नाहीत. म्हणजे नोटा वाढला तर डिपॉझिट वाचवायला लागणारा आकडा उलट खाली येतो.

आता 'पक्षांना स्वच्छ चेहरे द्यावे लागतात'. मला हा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो, कारण नोटाचं बटण द्यायला लावणाऱ्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाही हीच आशा होती. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर 49-ओ नियमाखाली मतदान केंद्राध्यक्षाला तसं तोंडाने सांगावं लागे. तो रजिस्टरमध्ये शेरा मारायचा, त्यावर मतदाराने सही करायची, आणि समोर बसलेले सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट हे बघत असायचे. गावात राहायचं असेल तर कोण कशाला त्या भानगडीत पडेल! नोटाच्या बटणाने ही नकाराची गुप्तता राखली, आणि ते काम मोठं आहे.

पण दबावाचं काय? 2014 पासूनच्या तिन्ही लोकसभा निवडणुकांत नोटा एक टक्क्याच्या आसपासच राहिला. जिथे तो फुगला तिथे तो नेहमी निव्वळ मतदाराचा रागही नव्हता. इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि पक्षानेच नोटा दाबायचं आवाहन केलं. 2022 च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटाला 12,806 मतं पडली. तिथेही नोटासाठी पद्धतशीर प्रचार चालल्याची जाहीर तक्रार झाली होती. तेव्हा पक्षाच्या कार्यालयात नोटाचा आकडा वाचणाऱ्याला कसं कळावं, की यातला किती राग माझ्या उमेदवारावर आहे आणि किती मतं विरोधकाने फिरवली? नोटात कारण लिहायची सोय नाही.

'तिसऱ्याला मत म्हणजे वाया' हे तर नोटाच्याच मेसेजमध्ये वाचून गंमत वाटते. तिसऱ्याचं मत वैध मतांत धरलं जातं, त्याचं डिपॉझिट वाचवतं, पक्षाला मान्यता मिळवायला उपयोगी पडतं. विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार झाले तर राज्य पक्षाचा दर्जा मिळू शकतो. हारलेल्या का असेना, कुणाच्या तरी नावावर ते जमा असतं.

दोघांवरही विश्वास नसला तरी दोघं सारखेच असतात असं नाही, आणि मतदारसंघात पक्ष नव्हे, माणूस उभा असतो. त्याचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याचं कारण पक्षाने जाहीर करायचं असतं, आणि 'निवडून येऊ शकतो' एवढंच कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये बजावलंय. ती कारणं वाचाच, करमणूकही होते. सगळं वाचून कुणीच पटलं नाही तर नोटा दाबा, तो तुमचा हक्क आहे. फक्त 2024 चा मुंबई वायव्यचा निकाल माहीत असू द्या. तिथे खासदार 48 मतांनी ठरला, आणि नोटाला पंधरा हजारांहून अधिक मतं होती.